आधीं अंथरूण, मग पांघरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण खर्चाच्या बाबतींत ऐकतों. हिमालयांतील बर्फावर रात्र काढावयाची असेल, तर ती अक्षरशः खरी ठरते, असें आमचें मत आहे.

गिर्यारोहण शिकावयास निघालेल्या मुलासाठीं पालक महाग, जाड स्लीपिंग बॅग घेतात. खालच्या मॅटचा विचार मात्र शेवटीं होतो. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. पिसांची बॅग ऊब देते, ती पिसांत कोंडलेल्या हवेमुळें. अंगाखालीं पिसें दबतात, हवा निघून जाते, आणि देहाची उष्णता बर्फांत उतरूं लागते. तेथें रक्षण करते ती मॅटच.

मॅटचा उष्णतारोध ‘आर’ या अंकानें दाखवितात. बर्फासाठीं तो ५ किंवा अधिक असावा. दोन मॅट एकावर एक घातल्यास दोहोंच्या अंकांची बेरीज होते. म्हणून खालीं फोमची व वर हवेची, ही जोडी आम्हांस पसंत आहे. ओझें वाढतें हें खरें. परंतु फोमची मॅट सुमारें अर्धा किलोच भरते, आणि हवेची फुटली तर तीच आधार होते.

बॅग घेतांना सुखाचें उष्णतामान पाहावें. मर्यादेचा आंकडा अंग आखडून कशीबशी झोप लागेल, एवढेंच सांगतो. ओल लागण्याचा संभव असेल तेथें कृत्रिम तंतूंची बॅग, जड असली तरी, बरी. कारण भिजलेल्या पिसांचा फुगवटा जातो.

रात्रभर कुडकुडलेल्या मुलाचें पाऊल सकाळीं कड्यावर चुकूं शकतें. पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.