आभाळाचा कौल आणि शिवाराची नोंद

रोहिणी नक्षत्र सरत आले की परभणी तालुक्यातील पेडगावच्या पारावर एकच विषय असतो. मृगाचे वाहन बेडूक की उंदीर? पावशा ओरडला काय? मुंग्या अंडी घेऊन निघाल्या काय? मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी आभाळाला प्रश्न विचारतो आणि उत्तराची खूण शोधतो.

या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध रूप बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला दिसते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, अठरा धान्ये वर्तुळाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळे व पाण्याची घागर ठेवतात. पहाटे कोणता दाणा हलला, हे पाहून पीकपाण्याचे आणि राज्यकर्त्यांचेही भाकीत सांगितले जाते. दाणा हलतो, हे खरे आहे. उघड्या शेतात रात्रभर वारा आणि किडामुंगी असतेच. परंतु त्या हलण्याला अर्थ देतो तो माणूस. 'कुठे कमी, कुठे जास्त' हे भाकीत तर कधी चुकूच शकत नाही. जुळलेले भाकीत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. चुकलेले त्याच हंगामात पुसले जाते.

तरीही या शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार शहरातील शहाण्यांना नाही. कर्जाऊ बियाणे मातीत टाकल्यावर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच बोडक्यावर बसतो. ज्याला कोणी खात्रीचे उत्तर देत नाही, तो आकाशाला विचारतो. विज्ञानाचा अंदाजही विस्तीर्ण प्रदेशाचा आणि संभाव्यतेच्या भाषेतला असतो. 2017 च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकल्याबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्यांचा रोख चुकला असेल, पण संताप खोटा नव्हता.

मग फरक कोणता? विज्ञानाचे भाकीत आधी लिहिले जाते आणि पुढे प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते. परभणीचे कृषी विद्यापीठ सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. हाही संकेतच आहे, मात्र तो मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

पण मोजायचे कुठे? चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर शासन अतिवृष्टी मानते, आणि ते ठरते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. यंत्र एका गावी असते आणि ढग फुटतो दुसऱ्या गावी. शेत वाहून गेलेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते की नोंद नाही. दाण्याच्या हलण्यावर भविष्य सांगणे आणि दूरच्या यंत्रावर नुकसान नाकारणे, यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा, त्याची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे आणि मदतीसाठी तीच ग्राह्य धरली पाहिजे. गावानेही एक करावे. शाळेतील मुलांनी घटाचे भाकीत, वाहनाचे भाकीत आणि हवामान खात्याचा अंदाज हंगामापूर्वी एकाच वहीत लिहावा. शेजारी प्रत्यक्ष पडलेला पाऊस लिहावा. दहा वर्षांनी कोणाचे किती खरे ठरले, हे कोणा पुढाऱ्याने वा बुवाने सांगण्याची गरज उरणार नाही. ती वही आपले उत्तर देईल.