मंडळाचा पाऊस आणि महाविद्यालयाची वही

नाशिक जिल्ह्यात २०२३ चा हिवाळा दोन विसंगत बातम्यांनी सुरू झाला. राज्य सरकारने ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर व येवला होते. मात्र मालेगाव आणि येवला यांना लागून असलेला चांदवड नव्हता. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, २६ नोव्हेंबरला, जिल्ह्यात गारपीट व अवकाळी पावसाने द्राक्ष आणि कांद्याचे मोठे नुकसान झाले. दुष्काळाच्या यादीत कोण येते, कोण राहते आणि गारपिटीनंतर भरपाई कशी मोजली जाते, हे हवामानाचेच प्रश्न आहेत. परंतु महाविद्यालयात शिकविल्या जाणाऱ्या हवामान बदलाच्या धड्यात ते क्वचितच आढळतात.

हा धडा मुळात न्यायालयाच्या आदेशातून आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. अंमलबजावणीसाठी डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. व्याख्याने ५० आणि त्यांपैकी क्षेत्रकार्यासाठी अवघी पाच. हवामान बदलाला स्वतंत्र घटकही नव्हता; आम्लवर्षा, ओझोनचा थर आणि अणुदुर्घटना यांच्यासोबत एका ओळीत त्याची बोळवण करण्यात आली होती.

आयोगाने २०२३ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत हवामान बदल, त्याचे परिणाम आणि अनुकूलन यांना स्वतंत्र घटक मिळाला, हे स्वागतार्हच. अडचण कागदावर नाही, वर्गात आहे. या विषयासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा शिक्षक नसतो. ज्याच्या वेळापत्रकात जागा असेल त्याच्याकडे तो जातो. प्रकल्पवह्या एकमेकांच्या पाहून लिहिल्या जातात, हे तर उघड गुपित आहे.

चांदवडसारख्या गावात हा तुटलेपणा अधिक जाणवतो. मुंबई-आग्रा महामार्गावरील या गावात १९२८ मध्ये स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिसरात आज कला-वाणिज्य-विज्ञानापासून अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण मिळते. तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या या पट्ट्यात त्याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. येथील शेती कांदा, डाळिंब, द्राक्ष या पिकांची. कांद्याच्या रोपावर करपा कधी येतो आणि दमट हवेत डाळिंबावर तेल्या कसा पसरतो, हे अशा घरांतील मुलांना पुस्तकाआधी ठाऊक असते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे पुस्तक सांगते. त्यामुळे कमी वेळात जोरदार पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. या दोन ज्ञानांची गाठ घालणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि तेच होत नाही.

गाठ घालण्याचे साधन जवळच आहे. 'महावेध' प्रकल्पांतर्गत २०१७ पासून राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत डाळिंब किंवा द्राक्षाची भरपाई शेतातील नुकसान पाहून नव्हे, तर या केंद्रांवरील पाऊस व तापमानाच्या नोंदींवरून ठरते. गारपिटीसाठी तेवढी वेगळा हप्ता आणि प्रत्यक्ष पाहणी अशी तरतूद आहे. २०२३ मध्येही ४० तालुक्यांच्या यादीवर नाराजी वाढल्यावर सरकारने सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या हजारावर मंडळांना सवलती दिल्या. म्हणजे निकष पुन्हा मंडळाच्या पावसाचाच. केंद्र एका गावात आणि पाऊस दुसऱ्या शिवारात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती खरी की खोटी हे तपासायला चार गावांत चार साधे पर्जन्यमापक, रोजची नोंद आणि केंद्राच्या आकड्यांशी तुलना एवढे पुरे आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असे हे काम आहे. आणि त्यातून येणारा आकडा ग्रामसभेत मांडता येईल.

महाविद्यालयाच्या आवारात सार्वजनिक प्रश्नावर चर्चा घडविण्याची कल्पना परकी नाही. अमेरिकेतील सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सप्टेंबर १९६९ मध्ये पर्यावरणावर विद्यापीठांतून चर्चासत्रे घेण्याची हाक दिली, त्यातून २२ एप्रिल १९७० चा पहिला वसुंधरा दिन झाला. योगायोग असा, की त्याच सप्टेंबर १९६९ च्या २४ तारखेला भारतात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची चौकट आजही कायम आहे. परंतु शिबिराचा बराचसा वेळ श्रमदान आणि वृक्षारोपणात जातो. चांदवडला तर मोठ्या चर्चेची स्वतःची परंपरा आहे. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथेच भरले आणि शेतकरी स्त्रियांनी आपले प्रश्न जाहीरपणे मांडले. हवामानाच्या चर्चेत या स्त्रियांचा आवाज अद्याप फारसा ऐकू येत नाही. पाणी भरणे, रोप लावणे, कांदा काढणे ही कामे मात्र त्यांचीच.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. त्यामुळे असे मोजमाप अभ्यासक्रमाबाहेरचे राहिलेले नाही. प्रश्न वेळापत्रकाचा उरतो. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास, म्हणजे अवकाळी पावसाच्या दिवसांत येते. दुसऱ्या सत्राची उन्हाळ कांद्याच्या काढणीच्या सुमारास. नोंदी ठेवायच्या तर त्या जूनमध्ये, प्रवेशप्रक्रिया सुरू असतानाच, सुरू कराव्या लागतील.