किरणोपचारांत लंघन नको

मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणारा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तोंड सोलवटल्यावर. तेव्हा मुखपाकाच्या नावाखाली त्याला लंघन सांगणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. सहा-सात आठवड्यांच्या या उपचारात वजन घटले की मान स्थिर ठेवणारा मुखवटा सैल होतो, किरणांचा नेम ढळू शकतो. दर किलो वजनामागे रोज किमान १.२ ग्रॅम प्रथिने हवीत; कोमट मूगयूष, मांसरस, खीर, तूप घातलेली मऊ पेज घोटाघोटाने द्यावी. घोटही गिळवेना, लघवी कमी व गडद होऊ लागली, तर काढे उकळीत न बसता रुग्णालय गाठावे. नाकातून नळी घालायला नातेवाईक कचरतात. त्यांची समजूत काढणे आपलेच काम. आपली औषधे मात्र किरणतज्ज्ञांना विचारूनच द्यावीत.