कानठळ्यांचे दिवस

दिवाळी आणि आवाज यांचे नाते फार जुने आहे. आवाजाच्या बाबतीत प्रत्येक घराचा न्यायही ठरलेला असतो. आपल्या पोराने केला तर तो उत्साह, शेजारच्या पोराने केला तर उच्छाद! संगीताचेही तसेच आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत आम्हांला ज्या संगीताचे वेड लागले, त्याला संगीत म्हणायलाच वडील मंडळी तयार नव्हती. त्याचे नाव हेवी मेटल. ‘जड धातू’ असे भाषांतर करावे, तर रसायनशास्त्राचा तास सुरू झाल्यासारखे वाटते. तेव्हा आपण नुसते मेटलच म्हणू.

टेमघरचा आणि मेटलचा संबंध काय, असे कोणी विचारील. मला तर तो अगदी सख्खा वाटतो. भिवंडी हे मागांचे गाव. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी आपटते, पुन्हा धोटा, पुन्हा फणी. हे रात्रंदिवस, आणि एकाच वेळी शेकडो मागांवर! या गजरात झोपी गेलेल्या पोराला कर्कश गिटारीची काय भीती? आमच्याकडे वीज गेली आणि माग थांबले, म्हणजे उलट लोक दचकून जागे होत.

मेटलचा जन्मही अशाच एका कामगारांच्या गावचा. इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून कारखान्यांचे शहर आहे. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा नेमका तोच हात! दुसरा एखादा हाय खाऊन बसला असता. याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि पुढेपुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. त्या खर्जातून त्यांच्या ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ नाद घडला. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. गावातल्या कारखान्यांचा आवाज आमच्या वाजवण्यात उतरला, असे तिकडचे वादक सांगत आले आहेत. भिवंडीकराला हे पटवून द्यावे लागत नाही.

आमच्या मुंबईतही या पंथाचे लोक होते. २००० साली साहिल मखिजा या तरुणाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला आणि २००३ साली आणखी एक बँड निघाला. त्याचे नाव (वाचकहो, सणासुदीचे दिवस आहेत, क्षमा असावी) ‘भयानक मौत’! हे नाव छापलेला काळा टी-शर्ट मी एकदा दोरीवर वाळत घातला. आईने तो चिमट्यात धरून खाली उतरवला आणि म्हणाली, “अरे, दारावरून माणसं जातात. निदान उलटा करून तरी घाल!” पुढे कित्येक दिवस तो शर्ट आमच्या घरी ‘ते अशुभ’ म्हणून ओळखला जाई.

ही मंडळी वाजवायची कुठे, तर जुहूला रॅझबेरी ऱ्हायनोसरस म्हणून एक ठिकाण होते, तिथे. टेमघरहून रिक्षाने राजनोली, कोनगाव, दुर्गाडीचा पूल करीत कल्याण. तिथून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून पुढे जुहू. इतका प्रवास करून दोन तास कानठळ्या बसवून घ्यायच्या आणि शेवटच्या गाडीसाठी धावत सुटायचे. पंढरीच्या वारकऱ्याला घरचे निदान शिदोरी तरी देतात!

आमच्या थोरल्या भावांच्या पिढीची पंढरी धोबीतलावचे रंगभवन. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव तिथे वर्षानुवर्षे गाजला. पण इस्पितळे, कॉलेज, न्यायालय, सगळेच शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे अशा जागांभोवतीचे शंभर मीटर शांततेचे ठरले आणि ते उघडे नाट्यगृह मुके झाले. आजाऱ्याला शांतता हवीच, त्यात वाद नाही. पण पोरांनी मग ओरडायचे कुठे, याचे उत्तर नियमात नव्हते.

आमच्या आळीतल्या चार पोरांनी ते आपल्यापुरते शोधले. मागांच्या सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या खात्यात ती तालीम करीत. बँडला नाव होते. पण ते आळीच्या बाहेर कधी गेलेच नाही. ते दिवस भारनियमनाचे. गाणे ऐन रंगात यायचे आणि वीज जायची. गिटारी मुक्या, गाणारा बापडा उघडा पडलेला, आणि ड्रमवाला मात्र एकटा बडवतो आहे!

या ड्रमवाल्याचे वडील जॉबर. तीस वर्षे मागांची दुखणी काढता काढता त्यांचे कान गेले होते. एकदा ते तालमीला आले. आता बोलणी बसणार म्हणून पोरे गप्प झाली. काकांनी खुणेने वाजवायला सांगितले, ड्रमच्या लाकडावर पंजा ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. गाणे संपल्यावर म्हणाले, “डावा पाय मागं पडतो तुझा. मागाचं पिकिंग उशिरा बसलं की असंच होतं. एवढं सुधार.” बस्स, एवढेच! चूक अगदी बरोबर पकडली होती. त्या संगीताला यंत्र समजून का होईना, पण मनापासून हात लावणारा वडीलधारा आम्ही तो एकच पाहिला.

‘डेमॉनिक रिझरेक्शन’ २०१४ साली जर्मनीत वाकेन या खेड्यातल्या मेटलच्या जत्रेत वाजवून आला. २०१७ साली त्यांनी ‘दशावतार’ नावाचा संग्रह काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणे. हे ऐकून आईने त्या संगीताला अर्धी माफी दिली. मखिजा महाशय स्वयंपाकाचे कार्यक्रमही करतात हे कळल्यावर उरलेली अर्धी दिली. ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथने आपल्याच गावी, बर्मिंगहॅममध्ये, शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर सतराच दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

आमच्या आळीतल्या बँडची कोणी घेतली नाही. घेण्यासारखे काही मागे उरलेच नाही. ना कॅसेट, ना फोटो. गिटार विकली गेली. चौघे संसाराला लागले. ड्रमवाला आता स्वतः मागांचा हिशेब पाहतो आणि त्याच्या घरी सध्या दहावीचे वर्ष आहे. पण मोठ्या नावाच्या प्रत्येक बँडच्या पाठीमागे असे शंभर बिननावाचे बँड कुठल्या ना कुठल्या खात्यात वाजून गेलेले असतात. तेव्हा या दिवाळीत वरच्या मजल्यावरून एखाद्या पोराची गिटार किंचाळू लागली, तर तक्रार करण्यापूर्वी जरा भिंतीला हात लावून पाहावा. न जाणो, लय बरोबरही असेल!