मापायचे की मोजायचे?



दर आठवड्याला आपण पीकपाण्याचे बोलतो. आज थोडे मुलांच्या इंग्रजीचे बोलू.

परवा एका वस्तीवर तुरीवरची अळी पाहायला गेलो होतो. घरची मुलगी दहावीत आहे. तिच्या वहीत जागोजागी लाल शाई. ‘एव्हरीबडी हॅव अ काऊ’ असे तिने लिहिले होते. आई म्हणाली, “साहेब, इंग्रजीत राहिली तर शाळा बंद, असे हिचे आजोबा म्हणतात. आम्हाला तर त्यातले काही कळत नाही.”

मी मुलीला विचारले, “बाळ, एव्हरीबडी म्हणजे काय?”

“सगळे.”

चूक इथेच होते. ‘सगळे’ म्हटले की डोळ्यांपुढे घोळका येतो आणि क्रियापद अनेकवचनी होते. त्याऐवजी ‘प्रत्येक जण’ म्हणा. मराठीत आपण ‘सगळे आले’ म्हणतो, पण ‘प्रत्येक जण आला’ असेच म्हणतो. तसेच इंग्रजीत ‘एव्हरीबडी हॅज’. ज्या सर्वनामाच्या शेवटी वन, बडी किंवा थिंग येते, ते एकवचनी धरावे. एव्हरीवन, समबडी, नथिंग ही सारी त्यातलीच.

दुसरी फसगत ‘ईच’ची. ‘ईच ऑफ द बुलक्स’ लिहिताना बुलक्स क्रियापदाला खेटून उभे असतात, म्हणून हात ‘आर’कडे जातो. पण कर्ता ‘ईच’ आहे. म्हणून ‘इज’च हवे. बी.एस्सी. होऊनही मी पहिल्या अहवालात ‘ईच ऑफ द प्लॉट्स वेअर’ लिहिले होते आणि वरिष्ठांनी ते सर्वांदेखत वाचून दाखवले होते!

बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल ही मात्र नेहमी अनेकवचनी.

राहिली सम, ऑल आणि मोस्ट. ती तर शेतकऱ्याला सोपी. जे मापतो ते एकवचनी, जे मोजतो ते अनेकवचनी. दूध मापतो, म्हणून ‘सम ऑफ द मिल्क इज’. शेळ्या मोजतो, म्हणून ‘सम ऑफ द गोट्स आर’.

मुलीने तिथेच दहा वाक्ये लिहिली. नऊ बरोबर आली. ओट्यावरून आजोबा म्हणाले, “प्रत्येक जण आला, हे तर मलाही ठाऊक होते की!”

मायबहिणींनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी आज रात्री मुलाजवळ बसा. दोनच प्रश्न विचारा : ‘सगळे की प्रत्येक जण?’ आणि ‘मापायचे की मोजायचे?’ उत्तर ते शोधतील.

तुरीवरच्या अळीचे पुढच्या आठवड्यात.