पी.टी.चा तास कुणी खाल्ला?

"सर, आजचा तास मला देता का? पोर्शन राहिलाय." हातात खडू घेऊन स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिलेल्या गणिताच्या बाईंचं हे वाक्य मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून तीस वर्षं ऐकलं आणि दर वेळी तास देत राहिलो. दिवाळीनंतर दहावीची पी.टी. फक्त वेळापत्रकात उरायची. वर्षाअखेरीस, मैदानावर पाय न ठेवलेल्या मुलांच्या नावापुढे मी 'अ' श्रेणी भरायचो. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय. त्याला बोर्डाचा पेपर नाही, त्यामुळे विचारणारंही कुणी नाही. मी खोटं लिहिलं, मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आणि पालकांनी सगळं ठाऊक असून तोंड उघडलं नाही. ही चोरी आपण सगळ्यांनी मिळून केली. म्हणूनच पोरांच्या सुटलेल्या पोटांवर गळा काढणारी मोठी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

पोरं दिवसभर मोबाइल घेऊन लोळतात म्हणे! अहो, लोळायला वेळ तरी कुठे ठेवलाय तुम्ही? सकाळी शाळेच्या बाकावर, दुपारी रिक्षात, संध्याकाळी क्लासच्या बाकावर आणि रात्री होमवर्कला. सोसायटीच्या भिंतीवर 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी मोठ्या माणसांनीच लावली. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कित्येक शाळांच्या मैदानांवर लग्नसराईत मांडव पडतात आणि एरवी गाड्या लागतात.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेच्या अभ्यासकांनी 2019 साली 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या 16 लाख विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. शंभरातल्या 81 मुलांच्या वाट्याला तेवढीही हालचाल येत नव्हती. भारतात हा आकडा 74च्या आसपास होता. म्हणजे चारातली तीन पोरं. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आत होते. त्या वयात जे जमलं नाही, ते चाळिशीत जिमची फी भरून परत मिळत नाही.

आणि आपण करतो काय? पोराला काट्यावर उभं करतो. हे पाप माझ्याही हातून घडलंय. जूनमध्ये उंची-वजनाच्या नोंदी चालू होत्या. नववीतली एक मुलगी काट्यावर चढली. वहीत लिहून घेणारा मॉनिटर लांब बसला होता, म्हणून मी मोठ्याने आकडा सांगितला, "अडुसष्ट." मागच्या रांगेतून 'रोडरोलर' असा आवाज आला आणि सगळी पोरं हसत सुटली. ती खाली उतरली, बूट न घालता हातात घेतले आणि तशीच अनवाणी वर्गात गेली. त्यानंतर दर पी.टी.ला तिचं पोट दुखायचं, हातात आईची चिठ्ठी असायची. सहावीत हीच पोरगी खो-खोत खांबाजवळ सूर मारून पळतीला टिपायची. तेव्हाही ती जाडच होती. वजनाने तिला कधी अडवलं नव्हतं, तिचं मैदान माझ्या तोंडच्या एका आकड्याने बंद केलं.

काटा सगळं सांगतो, हा समजही सोडा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडचा दिसायला शिडशिडीत माणूसही आतून चरबी बाळगून असू शकतो. तेव्हा ज्या काटकुळ्या पोराला 'हा अगदी फिट' म्हणून तुम्ही क्लासला धाडता, त्यालाही मैदान तितकंच हवं आहे.

मुलींच्या बाबतीत तर आपण निर्लज्ज आहोत. पाळी सुरू झाली की 'आता मोठी झालीस, उड्या मारत फिरू नकोस.' शाळेत कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, आणि मग मुलींना खेळाची आवडच नसते, असं आपणच ठरवून टाकायचं.

जागा नाही, हे कारण मला सांगू नका. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. दोरीच्या उड्या गच्चीवर होतात. लंगडीला वर्गाएवढा चौकोन आणि मूठभर चुना लागतो. दहावी आहे, हेही सांगू नका. चोवीस तासांतला एक तास खेळून कुणी नापास झालेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. आणि जिल्ह्याला, राज्याला खेळणाऱ्या चार पोरांना क्रीडागुण मिळाले, म्हणजे वर्गातल्या उरलेल्या छप्पन जणांचं भागलं असं होत नाही. पदक न आणणाऱ्या पोरालाही हृदय असतं, फुप्फुसं असतात.

माझी मागणी एकच आहे. निकालपत्रावर शारीरिक शिक्षणाच्या श्रेणीशेजारी वर्षभरात प्रत्यक्ष किती तास झाले, तो आकडा छापा. शून्य असेल तर शून्य. पालकांनी गणिताच्या गुणांआधी तो आकडा वाचावा आणि शाळेत जाऊन जाब विचारावा. आणि माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षकांनो, उद्या दारात कुणी तास मागायला आलं, तर सरळ नाही म्हणा. मी तीस वर्षं हो म्हणत आलो. तो तास माझा नव्हताच, पोरांचा होता.