यंत्राचाही पंचनामा हवा

दिवाळी आटोपून हलक्या धानाची कापणी संपत आली आणि भाऱ्यांचे पुंजणे बांध्यांतून उभे राहू लागले, की अर्जुनी मोरगावच्या परिसरात, नवेगावबांधपासून इटियाडोहच्या कालव्याखालच्या गावांपर्यंत, धान चुरण्याच्या यंत्रांची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. आणि ज्या पिढीने बैलांच्या पायांखाली धान चुरले जाताना पाहिले आहे, तिला या यंत्रांनी वाचविलेल्या श्रमांचे मोल कोणी समजावून सांगावयास नको. परंतु याच हंगामात कोठे ना कोठे मजुराचा हात कोपरापर्यंत यंत्राच्या तोंडात ओढला जातो, एखाद्या बाईचा पदर पट्ट्यात सापडतो, आणि त्या घटनेची जी हकीकत वर्तमानपत्रात चार ओळींत छापून येते, तिच्यात मजुराचे नाव असते, गावाचे असते, कधी शेतमालकाचेही असते. ते यंत्र कोणी बनविले, कोणी विकले आणि त्याच्या तोंडावर झाकण होते की नव्हते, याचा उल्लेख मला क्वचितच आढळला आहे.

असा प्रसंग पोलिस ठाण्यापर्यंत पोचतो तेव्हा हजर असलेल्यांचे जबाब होतात, जागेचा पंचनामा होतो, आणि पुष्कळदा मजुराच्या, किंवा फार तर यंत्र चालविणाऱ्याच्या, हलगर्जीपणावर सारा बोजा टाकून कागद दप्तरी दाखल केले जातात. तेच यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुऊन-पुसून पुढच्या खळ्यावर चालू लागते, कारण हंगाम कोणासाठी थांबत नाही आणि उघड्यावरच्या पुंजण्यावर अवकाळी पाऊस पडेल ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. यासाठी यंत्रमालकाला निर्दय ठरविण्याचे कारण नाही. त्यानेही ते यंत्र बहुधा कर्जावर घेतलेले असते. पण त्या एक-दोन दिवसांत जो पुरावा नाहीसा होतो, तो पुढे कोणत्याही न्यायासनासमोर उभा करता येत नाही. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की माणसाला इजा झाली त्या दिवशी जसा जागेचा पंचनामा होतो, तसाच ज्या वस्तूने इजा केली तिचाही झाला पाहिजे, आणि तो करवून घेण्याची जबाबदारी जखमीच्या घरच्यांवर नव्हे तर सरकारवर असली पाहिजे. त्याखेरीज नुकसानभरपाईचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो आमच्या झाडीपट्टीतील मजुराच्या हाती पडणे अशक्य आहे.

ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असेल, की या यंत्रातील सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ज्या पत्र्याच्या पन्हळीवरून भारा आत सारावयाचा ती. ही पन्हळ निदान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि यंत्राकडचा तिचा निम्मा भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते, व त्यामागचा विचार अगदी साधा आहे: भारा सारणाऱ्याचा हात कितीही पुढे गेला तरी फिरत्या दात्यांपर्यंत पोचू नये. आता एखाद्या खळ्यावर उभे राहून पाहावे. पन्हळ हातभरही नसते, झाकण बसविलेलेच नसते किंवा एका बोल्टवर लोंबत असते, पट्ट्याला जाळी नसते, आणि ओले धान अडकले की मजूर ते हाताने रेटतो, कारण रेटल्याशिवाय ते आत जात नाही. अशी पुष्कळ यंत्रे लहानसहान वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, जोडून तयार होतात, आणि त्यांच्या अंगावर निर्मात्याच्या नावाची पट्टीही नसते. दहा-बारा तास उभ्याने काम केलेल्या, झोपेने डोळे मिटत असलेल्या माणसाचा हात चुकणार, हे यंत्र घडविणाऱ्याने गृहीतच धरले पाहिजे. ते न धरता घडविलेले यंत्र सदोष आहे, मग ते कितीही धान चुरो.

आपल्या संसदेला हे कळले नव्हते असे नाही. मळणीयंत्रांनी हात तुटण्याच्या घटना देशभर इतक्या वाढल्या, की त्यांच्यासाठी 1983 साली धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा एक स्वतंत्र अधिनियम करण्यात आला आणि उत्पादकावर सुरक्षिततेची बंधने घालून जखमींच्या व मृतांच्या भरपाईचीही तजवीज त्यात करण्यात आली. चाळीस वर्षे लोटली, तरी या कायद्याचे नाव गावात कोणाच्या तोंडी नाही. 1923 सालच्या कामगार भरपाईच्या कायद्यानेही शक्तिचलित यंत्रांवर राबणाऱ्या शेतमजुराला संरक्षण दिले. पण ती भरपाई मागावयाची मालकाकडून, आणि आमच्याकडचा मालक म्हणजे दोन-तीन एकर बांधीचा शेतकरी, ज्याला मजुराच्या तुटलेल्या हाताची भरपाई द्यावयाची म्हटली तर ती बांधीच विकावी लागेल. ज्याने सदोष वस्तू बनवून नफा घेतला तो मात्र या हिशेबाबाहेर राहतो.

त्याला हिशेबात आणण्याचे सामर्थ्य ज्या कायद्यात आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 सालचा असून 20 जुलै 2020 पासून अमलात आला आहे. त्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादकाचे दायित्व प्रथमच स्पष्ट शब्दांत सांगितले आहे: वस्तूच्या बनावटीत दोष असला, तिच्या आराखड्यातच दोष असला, ठरलेल्या मापांपासून ती ढळलेली असली, दिलेल्या हमीप्रमाणे ती निघाली नाही, किंवा योग्य वापराच्या सूचना आणि धोक्याचा इशारा पुरेसा दिलेला नसला, आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादक भरपाईस बांधील आहे, त्याने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करा, अशी अट या यादीत नाही. ज्या यंत्रावर निर्मात्याचे नावच नाही त्याचे काय, याचेही उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. निर्माता कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे आपल्यासाठी गोंदियाला, दाखल करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

मग अडते कोठे? अडते ते प्रथम या प्रश्नावर, की इजा झालेला मनुष्य ग्राहक आहे काय. यंत्र विकत घेतले एकाने, भाड्याने बोलावले दुसऱ्याने, आणि हात गेला तिसऱ्याचा, ज्याने आयुष्यात यंत्र विकत घेतलेले नाही. या बाबतीत जगाचा अनुभव मोठा उद्बोधक आहे. 1928 साली स्कॉटलंडातील पेस्ली येथे एका स्त्रीने पेयाच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्यामुळे आजारी पडल्याची फिर्याद केली, आणि 1932 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्या बाजूने जे तत्त्व सांगितले त्यावर पुढचा सारा कायदा उभा राहिला. पण ती बाटली तिने नव्हे, तिच्या मैत्रिणीने विकत घेतली होती. 1963 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी सदोष वस्तूच्या निर्मात्याला निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार धरले, त्या खटल्यात लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेल्या तुकड्याने ज्याचे कपाळ फुटले त्या गृहस्थाला ते यंत्र त्याच्या पत्नीने नाताळची भेट म्हणून घेऊन दिले होते. या विषयातील दोन पायाभूत निवाड्यांत इजा झालेली व्यक्ती खरेदीदार नव्हती, ही मला योगायोगाची गोष्ट वाटत नाही. वस्तूचा धोका पावतीवरील नाव वाचून हात निवडत नाही. आपल्या कायद्यातही खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा ग्राहकच मानला आहे, आणि उपजीविकेसाठी स्वतः राबण्याकरिता घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही, हे एका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केले आहे. तेव्हा मजुराला दाद मागता येते, असेच मी मानतो.

तथापि याच कायद्याच्या 87व्या कलमात जे अपवाद आहेत ते वाचताना मन अस्वस्थ होते. मालकाने कामाच्या जागेसाठी वस्तू विकत घेतली असेल आणि उत्पादकाने इशारा त्या मालकाला दिला असेल, तर इशारा अपुरा होता अशी तक्रार उत्पादकाविरुद्ध चालत नाही. कारखान्यात, जेथे सुरक्षा अधिकारी असतो आणि भिंतीवर फलक असतो, तेथे या अपवादाला काही अर्थ असेल. पण शेतात तो सरळ मजुराच्या विरुद्ध जातो. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबरचे घडी घातलेले पत्रक कृषी केंद्रातून शेतकऱ्याच्या घरी येते, बारीक अक्षरामुळे तेथेच न वाचता पडते, आणि पाठीवर पंप घेऊन तुडतुड्यांवर फवारा मारावयास बांधीत उतरतो तो मजूर. त्याच्यापर्यंत पोचते फक्त पंपात मिसळलेले पाणी. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, पण बाटलीच ज्याने पाहिली नाही त्याला रंगाचा काय उपयोग? शेतमजुरीपुरता तरी हा अपवाद संसदेने काढून टाकला पाहिजे. दुसरा अपवाद उघड धोक्याचा आहे. यंत्राच्या तोंडात हात घातला तर तो तुटेल हे कोणालाही कळते, असे उत्पादकाच्या बाजूने सांगितले जाईल. परंतु हा अपवाद केवळ इशारा न दिल्याच्या तक्रारीपुरता आहे, आराखड्यातील दोषाला तो झाकत नाही, आणि हा भेद गोंदियाच्या आयोगापुढे कोणीतरी ठामपणे मांडावयास हवा.

पुरावा नसला की हक्काचे काय होते, हे विदर्भाने 2017 साली पाहिले आहे. त्या वर्षी पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, काहींची दृष्टी काही काळ गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, पुढे नियम कडक झाले. पण 1958 सालच्या केरळातील विषबाधेनंतर झालेल्या 1968 च्या कीटकनाशक अधिनियमात पीडिताला भरपाई देणारे एकही कलम नाही. अखेर दोन मृतांच्या पत्नी आणि एक बचावलेला शेतकरी यांनी 2020 च्या सप्टेंबरात सिंजेंटा या कीटकनाशक बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध तिच्या मुख्यालयाच्या गावी, स्वित्झर्लंडातील बासेल येथे, दावा मांडला. कंपनीने आपल्या औषधामुळे हे घडले असे मान्य केलेले नाही, आणि त्याचा निवाडा मी येथे करीत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की कोणत्या रुग्णाने कोणते औषध फवारले होते याबाबत त्या लोकांजवळ जो मोठा आधार होता तो पोलिसांनी त्या दिवसांत केलेल्या नोंदींचा होता. वेळेवर नोंदलेले औषधाचे नाव, एवढ्या आधारावर यवतमाळच्या विधवा बासेलपर्यंत जाऊ शकल्या. आमच्या खेड्यात उधारीवर, कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधाची बाटली धुऱ्यावर फेकली जाते आणि तिच्याबरोबर बॅच क्रमांकही जातो.

न्यायालये याबाबतीत पुष्कळदा समंजस राहिली आहेत. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शेतकरी सारे बियाणे पेरून टाकणारच, तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. 2022 साली, अपघातात एअरबॅग न उघडलेल्या मोटारीच्या खटल्यात, ग्राहकाने धडकेच्या जोराचे गणित मांडून दाखविण्याची गरज नाही, असेही याच न्यायालयाने सांगितले. पण हा समंजसपणा मिळविण्यासाठी निदान वस्तू कोणती होती एवढे तरी दाखवावे लागते.

सरकार अशा वेळी जे देते ते सानुग्रह अनुदान. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत अपघाती मृत्यूस 2 लाख आणि एक हात वा पाय गेल्यास 1 लाख रुपये मिळतात, तेही खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एकाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो भूमिहीन मजूर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राच्या तोंडाशी उभा असणारा, या योजनेच्या बाहेर आहे. याउलट, जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या सदोष खुबासांध्यांच्या प्रकरणात महाराष्ट्राच्याच अन्न व औषध प्रशासनाने 2011 साली फिर्याद नोंदविली होती, आणि 2018 साली केंद्र सरकारने त्या रुग्णांसाठी कंपनीने द्यावयाच्या भरपाईचे जे सूत्र ठरविले ते 30 लाखांपासून सुमारे 1 कोटी 23 लाखांपर्यंत होते. म्हणजे सरकारी यंत्रणा वस्तूच्या मागे लागली की रक्कम दयेची राहत नाही, दोषाच्या प्रमाणात ठरते. खुबा शस्त्रक्रियेने बदललेल्या शहरी रुग्णासाठी जे होऊ शकले, ते उजवा हात गमावलेल्या रोवणी-कापणीच्या मजुरासाठी का होऊ नये?

व्यवस्था फार मोठी लागत नाही. पिकाची नासाडी झाली की तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. ग्रामीण रुग्णालयात यंत्राने वा औषधाने जखमी झालेला रुग्ण येताच तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने तालुका कृषी कार्यालयाला कळवावे, त्याच दिवशी कृषी सहायकाने खळ्यावर जाऊन यंत्राची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, झाकण होते काय, असल्यास कोणी काढले, हे हजर माणसांकडून लिहून घ्यावे, औषध असेल तर बाटली मोहोरबंद करावी, आणि या साऱ्याची नक्कल विनामूल्य जखमीच्या हाती द्यावी. यंत्र जप्त करून शेतकऱ्याचा हंगाम बुडविण्याचे कारण नाही. मापे आणि छायाचित्रे पुरेशी आहेत. याखेरीज ग्राहक कायद्याने राज्य सरकारलाही तक्रारदार होण्याचा अधिकार दिला आहे. ज्या मजुराला लिहिता येत नाही, ज्याची रोजी गोंदियाच्या एका फेरीत बुडते, त्याच्या वतीने जिल्हा प्रशासनाने स्वतः तक्रार दाखल करावी, आणि नावाची पट्टी नसलेले यंत्र विकणाऱ्याला त्यात पहिला प्रतिपक्ष करावे. उन्हाळी धानाची चुरणी सुरू होण्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक यंत्रावर निर्मात्याचे नाव आणि पन्हळीवर झाकण आहे की नाही, याची यादी ग्रामपंचायतींकडून मागविता येईल, आणि ती मागविण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.